फर्ग्युसन मनात आहे, पण तिथे पुरातत्त्व नाही. काय करावं?

मलप्रभाकाठची

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावातच मराठी शाळेत शिकले, मग बेळगावात सायन्समधून पीयूसी, म्हणजे बारावी, केलं. निकाल चांगला लागलाय. घरच्यांचं म्हणणं, केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या, रँकवर इंजिनीअरिंग घे, बेळगावातच चांगली कॉलेजं आहेत, घरून ये-जा करता येईल.

मला पुरातत्त्व शिकायचं आहे. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, देगावचं कमल नारायण, बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, हे सगळं आमच्या अंगणातलं. त्याबद्दल मिळेल ते मी वाचत आलेय. वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातलं अख्खं नगर सापडलं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचल्यापासून हाच विषय घ्यायचा हे पक्कं झालं.

आता अडचण. कॉलेज म्हणून माझ्या मनात पहिल्यापासून फर्ग्युसन आहे. आजोबा सांगायचे, सीमाभागातल्या पोरांनी निदान एकदा तरी पुण्यात राहून शिकावं. पण फर्ग्युसनला पुरातत्त्वाची पदवी नाही. इतिहास आहे, भूशास्त्र आहे. बाबा विचारतात, इतक्या लांब जायचंच असेल तर जिथे तुझा विषयच नाही तिथे का? याचं उत्तर मला देता येत नाहीये.

म्हणून विचारते. तिथे दुसरा विषय घेऊन जावं, की फर्ग्युसनचा नाद सोडून विषय जिथे आहे तिथे जावं? घरच्यांसमोर मांडता येईल असं काही सांगा.

टिळकवाडीकर

अभिनंदन. माझं मत सरळ आहे: विषय आधी, कॉलेज नंतर.

पदवीपासून पुरातत्त्व शिकवणारी ठिकाणं कमी असली तरी आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहासाचा विभाग १९५०च्या सुमाराचा आहे, तिथे बी.ए.पासून विषय मिळतो. बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व घेऊन बी.ए. करता येतं. मुंबईत झेवियर्सला प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे. विषयाची ओढ इतकी असेल तर तीन वर्षं दुसरंच काही शिकण्यात का घालवायची?

माझ्या पुतण्याचं सांगतो. त्याला हवी ती ब्रँच एका नावाजलेल्या कॉलेजात नव्हती. पुढे बदलून मिळेल या आशेवर घरच्यांनी नावाकडे बघून तिथेच पाठवलं. बदलून मिळाली नाही. चारही वर्षं तो न आवडणारा विषय ओढत राहिला. कॉलेजच्या नावाचा उपयोग पहिल्या नोकरीपुरता झाला. नंतर त्याला कुणी कॉलेज विचारलं नाही.

निपाणीची आई

माझी मुलगी कोल्हापूरला शिकते, म्हणून आईच्या बाजूने बोलते गं. बडोदा, बनारस ही नावं ऐकायला छान वाटतात. पण पोरगी आजारी पडली तर रात्रीत कोण पोचणार? बेळगावहून पुण्याला गोवा एक्सप्रेस आहे, रात्रीच्या गाड्या भरभरून जातात, आणि २०२४पासून हुबळी–पुणे वंदे भारतही बेळगावला थांबते. सणाला पोरगी घरी येऊ शकते. पहिल्या वर्षी याचा किती आधार असतो ते वसतिगृहात राहिलेल्यालाच ठाऊक.

आणि एक विचारते, रागावू नकोस. तुला फर्ग्युसन हवंय की पुणं हवंय? की आजोबांचा शब्द पाळायचाय? तिन्ही कारणं चांगलीच आहेत. पण खरं कुठलं ते तुला कळायला हवं, म्हणजे बाबांना सांगता येईल.

खापरतुकडा

मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करतोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टिळकवाडीकर काका म्हणतात ते इंजिनीअरिंगला अगदी लागू पडतं. तिथे पहिल्या दिवशी घेतलेली ब्रँच सहसा शेवटपर्यंत चिकटते. पुरातत्त्वाचं तसं नाही. आपल्या देशात हा विषय बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवरच सुरू होतो. डेक्कन कॉलेजचंच बघ. संस्थेची मुळं १८२१पर्यंत मागे जातात, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९३९ साली इथे आले आणि त्यांनी विभाग उभा केला. नेवासे, जोर्वे ही उत्खननं याच संस्थेची. आपल्या शेजारी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ साली सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी खोदकाम केलं होतं. आणि अशा या संस्थेत बी.ए. नाहीच. प्रवेश एम.ए.ला, आणि त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते.

माझ्या वर्गात इतिहासवाले आहेत, संस्कृतवाले आहेत, एक वास्तुरचना करून आलाय, दोघं भूशास्त्रातले. पहिल्या सत्रात इतिहासवाले पुढे असतात, त्यांना राजवंश आणि कालखंड पाठ. पण थर वाचायची, माती ओळखायची, हत्याराचा दगड कुठला हे सांगायची वेळ आली की सगळे भूशास्त्रवाल्यांकडे बघतात. शिलालेखाचा ठसा समोर ठेवला की संस्कृतवाले आणि जुनं कन्नड येणारे पुढे सरकतात. पूर्ण तयारीने आलेला असा कुणीच नसतो. प्रत्येकजण एका बाजूने पक्का आणि दुसऱ्या बाजूने कच्चा.

म्हणून तुझा प्रश्न मी थोडा बदलून विचारेन. पदवीला पुरातत्त्व मिळतंय का, यापेक्षा पदवीला कुठला विषय घेतलास तर पुरातत्त्वात तुझ्या हाताला काम राहील? आणि तो विषय फर्ग्युसनमध्ये चांगला शिकवतात का? दोन्हींचं उत्तर जुळलं तर बाबांना सांगायला तेवढं पुरे.

पुण्याची आणखी एक गोष्ट. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीच्या पलीकडे भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, १९१७ची. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१०चं. येरवड्याला आमचं कॉलेज आणि त्याचं संग्रहालय. व्याख्यानं बहुतेक सर्वांना खुली असतात. अभ्यासक्रमात विषय नसला तरी त्या गावात तो रोज कानावर पडत राहतो. हे वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

टिळकवाडीकर

खापरतुकडा, एम.ए.ला कुठलीही पदवी चालते हे मान्य. पण चालणं वेगळं आणि मुलाला त्या तीन वर्षांत गोडी टिकणं वेगळं. सतराव्या-अठराव्या वर्षी जी आग असते ती रोजच्या दुसऱ्याच अभ्यासाखाली विझते, हे मी पाहिलंय. बडोद्याला गेली तर पहिल्या वर्षापासून प्राध्यापक, ज्येष्ठ विद्यार्थी, सगळे त्याच कामातले भेटतील.

मलप्रभाकाठची

खापरतुकडा दादा, खूप आभार. बी.ए. नाहीच आणि एम.ए.ला कुठलीही पदवी चालते, हे कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

निपाणीच्या काकूंनी विचारलं त्यावर रात्रभर विचार केला. पुणंही हवंय, पण खरं म्हणजे मला असं कॉलेज हवंय जिथे आजूबाजूला वाचणारी पोरं असतील आणि मराठीत बोलून विषय समजून घेता येईल. इंग्रजी येतं, पण अवघड गोष्ट मला अजून मराठीतच पटकन कळते. बडोद्याचा विचार केला तेव्हा भीती तीच वाटली.

काका, गोडी विझण्याचं म्हणालात ते मनाला लागलं. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

भूस्तर

चिकोडीचा आहे, फर्ग्युसनमधून भूशास्त्रात बी.एस्सी. केलं, नंतर एम.एस्सी. आता भूजलाच्या कामात आहे. धागा वाचून राहवलं नाही.

पोरी, तू सायन्स घेऊन पास झालीस, हे तुझं फार मोठं भांडवल आहे. इतिहासवाल्याला नंतर भूशास्त्र घ्यायचं म्हटलं तर वाट बंद असते. भूशास्त्रवाल्याला इतिहास कधीही वाचता येतो.

भारतात प्रागैतिहासिक अभ्यासाची सुरुवात कुणी केली बघ. रॉबर्ट ब्रूस फूट, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला भूशास्त्रज्ञ. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम इथे त्याला दगडी कुऱ्हाड सापडली आणि या देशात अश्मयुगीन माणूस होता हे सिद्ध झालं. आणि आपल्यासाठी त्याहून जवळची गोष्ट: याच फूटने आपला मुलूख पायाखाली घातला. दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १८७६ला सर्वेक्षणाने छापला. बेळगाव, विजापूर, धारवाडचे दगड त्यात आहेत. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यात दगडी हत्यारं कुठल्या थरात मिळतात, ती क्वार्टझाइट या कठीण खडकाचीच का, हे प्रश्न त्याला पडले कारण तो आधी खडक शिकला होता. तू ज्या नदीकाठची आहेस ती नदीच या विषयातलं मोठं नाव आहे.

आता पोटाचं बोलू, कारण बाबांना तेच ऐकायचं असणार. भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. खाणकाम, धरणं, बोगदे, भूजल सगळीकडे माणूस लागतो. आणि पुरातत्त्वाचं दार बंद होत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञाच्या जागा यूपीएससी भरते, तिथे पुरातत्त्व आणि इतिहासाबरोबर मानवशास्त्र आणि भूशास्त्राची एम.एस्सी.ही धरलेली आहे. भूशास्त्रात प्लायस्टोसीन म्हणजे हिमयुगाच्या काळाचा अभ्यास झालेला हवा, शिवाय पुरातत्त्वातला डिप्लोमा किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. म्हणजे सरकारी नियम लिहिणाऱ्यालाही हा रस्ता माहीत आहे.

फर्ग्युसनमध्ये भूशास्त्र शिकताना क्षेत्रभेटी होतात. हातोडी, कंपास आणि वही घेऊन डोंगरात चालायचं, थर मोजायचे, नकाशा करायचा. उत्खननाच्या खड्ड्यात काम करायची सवय याहून चांगली कुठे लागेल मला माहीत नाही. गोडी विझण्याचं काका म्हणतात त्यावर माझं उत्तर हेच. वर्गात बसून विझत असेल, डोंगरात विझत नाही.

येळ्ळूरचे गुरुजी

मी निवृत्त शिक्षक. तुमचं सगळं वाचलं. सगळे पुणं, बडोदं करताय, धारवाडचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितो.

आपल्यापासून दोन तासांवर कर्नाटक विद्यापीठ आहे. तिथे प्राचीन भारतीय इतिहास आणि पुराभिलेखविद्येचा, म्हणजे शिलालेख-ताम्रपटांच्या अभ्यासाचा, विभाग आहे, कन्नड संशोधन संस्था १९३९पासूनची आहे. वडगाव-माधवपूर म्हणून तू लिहिलंस ना बाळ, ते उत्खनन १९७०च्या दशकात याच विद्यापीठाने केलं. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं धारवाड मंडळही तिथेच. कमल बस्ती आणि हलशी त्यांच्याच देखरेखीत. आपल्या भागावर काम करायचं असेल तर आज ना उद्या धारवाडचा उंबरा ओलांडावा लागतोच.

आणि भाषेचं सांगतो, कारण आपल्या सीमाभागातली पोरं इथेच कमी पडतात. आपल्या घरात मराठी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड. ती बाजारातली कन्नड बोलण्यापुरतीच शिकतात आणि सोडून देतात. तसं करू नकोस. कमल बस्ती १२०४ची, रट्टांचा राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळातली. त्या काळचे आपल्या भागातले लेख जुन्या कन्नडात आहेत. हलशीला मिळालेले कदंबांचे ताम्रपट संस्कृतात, पाचव्या शतकातले. पुढे मोडीतली कागदपत्रं आहेत ती मराठीत. आपल्या जिल्ह्याचा इतिहास वाचायचा तर हे तिन्ही लागतं, आणि मराठी नि कन्नड ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे असं लेकरू पुण्यातही मिळत नाही, बेंगळुरातही नाही. पुराभिलेखाचं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालय म्हैसूरला आहे, तिथे असली माणसं हवीच असतात. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, ती वाचायलाही दोन्हीकडचा माणूस लागतो.

तेव्हा कुठेही जा, पण कन्नड लिपी विसरू नकोस आणि संस्कृत सुरू कर. भूशास्त्र घेतलंस तर भाषा आपली आपण करावी लागेल. ती तयारी आहे का, हे स्वतःला विचार.

भालकीकर

बिदर जिल्ह्यातून लिहितो. गुरुजींशी सहमत. एक भर: 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर प्राचीन इतिहास, पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम येत असतात. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार कॉलेजने मान्य केलं तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करून त्यांचे श्रेयांक धरता येतात. कॉलेज मान्य करतं का ते प्रवेशाआधी विचारून घ्या.

खापरतुकडा

गुरुजींच्या लिहिण्यात खूप आहे. माझं जुनं कन्नड कच्चं आहे आणि आता सुट्टीत बसून करतोय.

वर्षांच्या हिशोबाचंही बोलायला हवं, कारण दोन राज्यांत आता फरक पडलाय. कर्नाटकाने चार वर्षांची पदवी २०२१ला आणली आणि २०२४-२५पासून पुन्हा तीन वर्षांवर आले. महाराष्ट्रात नवीन धोरणाप्रमाणे चार वर्षांची रचना आहे, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय घ्यावा लागतो. म्हणजे भूशास्त्र मुख्य घेतलंस तरी दुसरा विषय कुठला मिळतो हे बघायची सोय आहे. माहितीपत्रकात फक्त मुख्य विषयांची यादी वाचून घरी परतू नकोस. दुय्यम आणि खुल्या निवडीच्या विषयांची यादी माग.

चौथं वर्ष करावं की नाही हे तिसऱ्या वर्षी ठरव. पुरातत्त्वात एम.ए. करायचं असेल तर विषय बदलत असल्याने तुला दोन वर्षांचंच एम.ए. धरून चालायला लागेल. चौथं वर्ष तेव्हा उपयोगी, जेव्हा भूशास्त्रातच पुढे जायचं असेल.

टिळकवाडीकर

भूस्तर आणि गुरुजींचं वाचल्यावर माझा विरोध बराच कमी झाला. एक अट मात्र ठेवतो. भूशास्त्र घ्यायचं तर पुरातत्त्वाची पायरी म्हणून घेऊ नये. पुढे पुरातत्त्व नाहीच जमलं तर या विषयात आयुष्य काढायला आवडेल का, याचं उत्तर 'हो' असेल तरच घे. माझ्या पुतण्याच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणि तो 'हो' आत्ता घरी बसून येणार नाही. भूशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक घेऊन उन्हाळ्यात वाच. बेळगावहून गोकाकला जाताना सगळा दगड बदलत जातो, तो बघ. धबधब्यावर क्वार्टझाइटचे थर उघडे पडलेत. खानापूरकडे परत येताना जांभा सुरू होतो. हे बघताना प्रश्न पडत असतील तर जा.

मलप्रभाकाठची

काका, तुमची अट मान्य. आज गावच्या ग्रंथालयात भूगोलाचं जुनं पुस्तक मिळालं, त्यातला खडकांचा भाग वाचायला घेतलाय. जांभा कसा तयार होतो हे मला माहीतच नव्हतं, आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्याच आहेत.

बाबांना हा अख्खा धागा वाचून दाखवला. यूपीएससीचं आणि भूजलाचं ऐकून ते जरा सैल झाले. इंजिनीअरिंगचा विषय अजून संपलेला नाही, पण माझ्याबरोबर पुण्याला यायला तयार झाले. म्हणाले, विभागात जाऊन तिथल्या सरांशी बोलू, मग ठरवू. आई म्हणते जाताना धारवाडलाही एक चक्कर मारू, ते बरोबर उलट्या दिशेला आहे, पण तिची इच्छा आहे.

पुण्यात गेल्यावर विभागात नेमकं काय विचारू?

भूस्तर

हे विचार. वर्षातून किती क्षेत्रभेटी होतात आणि त्यांचा खर्च कुणाचा. प्लायस्टोसीन किंवा चतुर्थक काळावर काम करणारं विभागात कुणी आहे का. मागच्या काही वर्षांत भूशास्त्र करून पुरातत्त्वाकडे कुणी गेलं का, असेल तर त्याचा संपर्क. सुट्टीत उत्खननावर मदतनीस म्हणून पाठवायची पद्धत आहे का. आणि दुय्यम विषयाचं, जे खापरतुकडाने लिहिलंय. यातल्या तीन-चार प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर तिथे तुझं काम होईल. उत्तरं टाळली गेली तर नावासाठी राहू नकोस, येऊन इथे लिही, मी दुसरे पर्याय सांगतो.

खापरतुकडा

त्याच दिवशी दुपारी येरवड्याला ये. बाबांनाही आण. संग्रहालय बघू आणि आमच्यातल्या भूशास्त्रवाल्यांशी तुझी गाठ घालून देतो. निरोपाच्या पेटीत नंबर पाठवतोय.

निपाणीची आई

कागदपत्रांचं मी सांगते, पोरीच्या वेळी धावपळ झाली होती. पीयूसीच्या बोर्डाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट आत्ताच मागवून ठेव, दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाला ते लागतं, पात्रतेची वेगळी प्रक्रिया असते. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या प्रती काढून ठेव. तुमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर तहसीलचा दाखलाही काढ. महाराष्ट्राच्या सीईटीवरच्या तांत्रिक अभ्यासक्रमांना तो चालतोच, इथे चालतो का ते कॉलेजला विचार. दाखले कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी प्रत मागून घे, तिकडच्या कारकुनाला वाचता येत नाही आणि फॉर्म परत येतो. आणि वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं समजू नकोस. पहिल्या यादीच्या दिवशीच भर.